९९७ सागरी मैल आणि आईच्या जेवणाची वेळ

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस माझी आई म्हापशाहून माझ्याकडे ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टलवेनला राहायला आली, तेव्हा ती एक जुनी इच्छा बरोबर घेऊन आली होती. तिला लिस्बन पाहायचे होते. गोवा मुक्त झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सकाळी मराठी शाळा आणि दुपारी पोर्तुगीज ‘प्रिमेर’चा, म्हणजे प्राथमिक शिक्षणाचा, वर्ग अशा दोन शाळा ती करत असे, आणि त्या वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशात तिने लिस्बन कितीदा तरी बोटाने शोधले होते. आता तिचे वय ७५ आहे, गुडघे दुखतात, वीस वर्षांपासून मधुमेह आहे, आणि सकाळच्या न्याहारीआधी व रात्रीच्या जेवणाआधी असे दिवसातून दोनदा ती इन्शुलिन घेते. इन्शुलिन घेतल्यावर वेळेत पोटात अन्न गेले नाही, तर तिची साखर झपाट्याने उतरते. एका लग्नात पंगत उशिरा बसली म्हणून तिला दरदरून घाम फुटलेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे ॲमस्टरडॅम ते लिस्बन हे अंतर मला तिच्या एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंतच्या वेळेत बसवून पाहावे लागले, आणि तसे पाहू लागल्यावर लक्षात आले की ‘किती लांब आहे’ आणि ‘किती वेळ लागतो’ या दोन साध्या प्रश्नांना एकेक उत्तर नाहीच.

तिकिटे काढली त्या संध्याकाळी धाकट्या भावाचा म्हापशाहून फोन आला. मी पाठवलेले तिकीट समोर ठेवून तो म्हणाला, “सकाळी ९:३५ ला निघता आणि ११:३५ ला पोचता. दोन तासांचं तर विमान आहे, मुंबई-दिल्ली एवढंच. आईला काही त्रास व्हायचा नाही.” त्याचे काही चुकले असे म्हणवत नाही, कारण तिकिटावर छापलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी कोणीही अशीच करील. पण निघण्याची वेळ ॲमस्टरडॅमच्या घड्याळातली असते आणि पोचण्याची वेळ लिस्बनच्या घड्याळातली, आणि लिस्बनचे घड्याळ वर्षभर एक तास मागे चालते. म्हणजे प्रवास तीन तासांचा होता. आईच्या शरीराला लिस्बनचे ११:३५ ठाऊक नसणार, तिला साडेबारा वाजून गेल्याचे कळणार, हे मी त्याला समजावून सांगितले, तेव्हा त्याने लगेच विचारले, “मग दुपारचं जेवण?” खरा प्रश्न तोच होता.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर उड्डाणाचा वेळ २ तास ४८ मिनिटे दिला होता. हा आकडा कुठून येतो ते थोडे शोधल्यावर कळले. दोन विमानतळांमधले सरळ अंतर १,८४७ किलोमीटर धरायचे, त्याला ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागायचे, म्हणजे २ तास १८ मिनिटे येतात, आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास घालायचा. त्यात त्या दिवशीचा वारा नाही, विमानतळावरची रांग नाही, कोणत्या धावपट्टीवरून विमान सुटणार याचा विचार नाही. अंदाज म्हणून तो वाईट नाही, पण ज्याला गोळ्या आणि घास मिनिटांवर बेतायचे आहेत त्याने त्यावर विसंबू नये, असे माझे मत झाले.

तिकिटावरचे तीन तास हा आणखी वेगळा हिशोब असतो. विमान आपल्या थांब्यावरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावरच्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा तो वेळ. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणे, तिथे रांगेत उभे राहणे, उतरल्यावर पुन्हा चालत येणे, हे सगळे त्यात धरलेले असते, आणि वेळापत्रक सांभाळता यावे म्हणून कंपन्या थोडी सैल मिनिटेही त्यात ठेवतात. तिकिटावर तीन तास लिहिले असले, तरी माणूस तीन तास हवेत नसतो.

अंतराचेही तसेच. १,८४७ किलोमीटर हे ॲमस्टरडॅमचा विमानतळ स्किपोल आणि लिस्बनचा विमानतळ यांच्यामधले पृथ्वीच्या गोलाईवरचे सर्वांत जवळचे अंतर. ॲमस्टरडॅमच्या दाम चौकापासून लिस्बनच्या नदीकाठच्या चौकापर्यंत तीच रेघ ओढली, तर ती सुमारे १,८६५ किलोमीटर भरते. रस्त्याने जायचे तर बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेन ओलांडून सव्वादोन हजार किलोमीटर पडतात. १,८४७ ला १.८५२ ने भागले की ९९७ येतात, म्हणजे हजाराला तीन कमी इतके सागरी मैल. आई समुद्रकाठची, तिला सागरी मैल हा शब्द ओळखीचा. तिने वहीत स्वतःच्या अक्षरात तेवढाच आकडा लिहून घेतला.

आगगाडीचा विचारही करून पाहिला, कारण आईला खिडकीतून देश पाहायला आवडले असते. पॅरिसपर्यंत आणि तिथून फ्रान्सच्या टोकाला आँदायपर्यंत वेगवान गाड्या आहेत, पण पुढे स्पेनच्या हद्दीत रुळांची रुंदी बदलते. फ्रान्समध्ये ती १,४३५ मिलिमीटर आहे, स्पेन-पोर्तुगालच्या जुन्या मार्गांवर १,६६८. (आपल्याकडचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे कोकण रेल्वेचे रूळ पॅरिसपेक्षा लिस्बनच्या रुळांना जवळचे.) त्यातून माद्रिद आणि लिस्बन यांना जोडणारी रात्रीची थेट गाडी २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. वाटेत दोन मुक्काम आणि चार-पाच वेळा गाडी बदलणे आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. विमानच ठरले, तेही मध्ये कुठे न थांबणारे.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी सांगितले की एका तासाच्या फरकासाठी डोस बदलण्याची गरज नाही, फक्त घड्याळाकडे न पाहता तास मोजा. सकाळच्या इन्शुलिननंतर अर्ध्या तासाने न्याहारी, त्यानंतर अडीच तासांनी काहीतरी हलके, आणि न्याहारीपासून पाच तासांच्या आत जेवण. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचे, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही, कारण तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत हवी असल्यास निदान ४८ तास आधी कळवावे लागते. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ती सेवा फुकट मिळते. मी पाच दिवस आधी कळवले आणि त्याचा कागद छापून घेतला.

निघण्याच्या दिवशी सकाळी ६:२० ला आम्ही दार ओढले. बसने पाऊण तासाच्या आत स्किपोलला पोचून मदतकक्षात नाव सांगितले. खुर्ची लगेच मिळाली. तिथल्या तपासणीत बॅगेतून काहीच बाहेर काढावे लागत नाही, यंत्र सगळीकडून आतले पाहते, त्यामुळे इन्शुलिनच्या पेनांचा डबा हाताळला गेला नाही. पोर्तुगाल आणि नेदरलंड्स हे दोन्ही देश १९९५ पासून शेंगेन क्षेत्रात असल्याने पासपोर्टवर शिक्का मारणारे कोणी नव्हते. सगळे आटोपले तेव्हा ७:४० झाले होते. ७:४५ ला आईने इन्शुलिन घेतले, ८:१० ला आम्ही डब्यातले पोहे खाल्ले, आणि मी वहीत लिहिले: जेवण १:१० च्या आत. म्हणजे लिस्बनचे १२:१०.

विमान ९:४१ ला थांब्यावरून हलले, सहा मिनिटे उशिरा. त्यानंतर जे झाले ते मला आधी कोणी सांगितले नव्हते. विमान जमिनीवरून चालू लागले आणि चालतच राहिले. इमारती मागे पडल्या, दोन्ही बाजूंना हिरवी शेते आली, आणि एका जागी खाली वाकून पाहते तो आमच्या पंखाखालून मोटारी धावत होत्या; विमानाचा रस्ता तिथे महामार्गावरच्या पुलावरून जातो. आईने माझा हात धरला आणि विचारले, “अगं, हे असंच रस्त्यानं नेणार आहेत का लिस्बनला?” स्किपोलच्या पोल्डरबान नावाच्या धावपट्टीकडे आम्ही निघालो होतो. २००३ साली सुरू झालेली ही ३,८०० मीटर लांबीची धावपट्टी वस्तीला आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून मुख्य इमारतीपासून फार दूर बांधली आहे, आणि तिच्यावरून सुटणारी विमाने फक्त उत्तरेकडेच सुटतात. त्या दिवशी वारा उत्तरेचा होता. लिस्बन नैर्ऋत्येला, आणि आम्ही १०:०२ ला उत्तरेकडे तोंड करून उडालो. थांब्यावरून हलल्यापासून चाके जमिनीवरून सुटेपर्यंत २१ मिनिटे गेली होती, आणि तोवर लिस्बन आम्हाला जवळ येण्याऐवजी थोडे दूरच गेले होते.

मग विमान डावीकडे वळले. खाली वाळूच्या टेकड्यांची पिवळी कड आणि राखाडी समुद्र दिसला, आणि वळण पुरे झाले तसे ऊन सरकत सरकत आईच्या मांडीवर येऊन स्थिरावले. ती ११ अ या डाव्या बाजूच्या खिडकीत बसली होती. उत्तरेकडे जाताना सूर्य पलीकडच्या खिडक्यांत होता. तो आपल्या बाजूला आला म्हणजे आता आपण दक्षिणेला निघालो, हे तिने माझ्याआधी सांगितले.

वैमानिकाने ३६,००० फूट उंची आणि समोरून वारा असल्याचे सांगितले. या भागात वरच्या थरातला वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि लिस्बनला जाताना तो बराचसा अंगावर येतो. म्हणूनच वेळापत्रकात जाण्याला काही मिनिटे जास्त आणि येण्याला कमी दिलेली असतात. समोरच्या नकाशावर विमानाची रेघ बेल्जियमच्या पश्चिम कडेवरून नॉर्मंडीत, तिथून नांतजवळून बिस्केच्या उपसागरावर जात होती. १०:४० ला आईला मूठभर चणे आणि एक सफरचंद दिले. खाण्याची गाडी अजून पुढच्या रांगांमध्येच होती. तिची वाट पाहिली असती, तर अर्धा तास आणखी गेला असता. मधुमेही माणसाला घेऊन उडणाऱ्यांना मी एवढे मनापासून सांगेन की विमानातले खाणे कधी येईल ते धरूच नका, आपला डबा पायाशी ठेवा.

समुद्र संपला आणि अस्तुरियासचे डोंगर आले, त्यांच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फाच्या रेघा होत्या. मग स्पेनचे तपकिरी पठार आणि ईशान्य कोपऱ्यातून पोर्तुगालची हद्द. इथे आई अगदी गप्प झाली. बारा वाजून गेले होते, नकाशावर लिस्बन बोटभर अंतरावर होते, आणि मी हिशोब करत होते की आता पंधरा मिनिटांत उतरू. तसे झाले नाही. लिस्बनला वारा बहुतेक उत्तरेकडून असतो आणि विमानाला उतरताना वाऱ्याला तोंड द्यावे लागते. मुख्य धावपट्टी जवळपास दक्षिणोत्तर आहे. आम्ही उत्तरेकडून आलेलो, तेव्हा विमान शहराला बाजूला टाकून दक्षिणेला गेले, तेजो नदीच्या पलीकडे वळले आणि पुन्हा उत्तरेला तोंड करून शहरावर आले. कागदावरच्या सरळ रेघेत ही फेरी कुठेच नसते. पण त्या फेरीमुळेच आईच्या खिडकीत तेजोचे रुंद पात्र आले, त्यावरचा २५ एप्रिलचा लाल झुलता पूल आला, पलीकडच्या काठावरची हात पसरलेली ख्रिस्ताची उंच मूर्ती आली, आणि मग घरांच्या लाल छपरांवरून विमान इतके खाली आले की गच्चीत वाळत घातलेले कपडे वेगळे ओळखू येत होते. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. १९४२ साली तो सुरू झाला, तेव्हा कडेला होता. शहर त्याच्याभोवती वाढले.

चाके टेकली तेव्हा माझ्या घड्याळात १२:३८ झाले होते, लिस्बनच्या घड्याळात ११:३८. हवेत आम्ही २ तास ३६ मिनिटे होतो. नंतर मी उड्डाणाचा माग पाहिला, तेव्हा प्रत्यक्ष उडालेले अंतर १,९६० किलोमीटरच्या आसपास निघाले, म्हणजे सरळ रेघेपेक्षा शंभरावर किलोमीटर जास्त.

१२:४६ ला विमान थांबले, पण इमारतीला लागून नव्हे, लांबच्या मोकळ्या जागेत, जिथे जिन्याने उतरून बसने जावे लागते. आईला जिना उतरवणार नव्हता. तिच्यासाठी खोलीसकट वर उचलली जाणारी गाडी यायची होती. सगळे प्रवासी उतरून गेले. रिकाम्या विमानात आम्ही दोघीच मागे उरलो, आणि मला एकदम वेळेचे भान आले: १२:५० झाले होते, वीस मिनिटे उरली होती. मी समोरचे फळकुट उघडून आईपुढे डबा ठेवला. नाचणीची भाकरी, फरसबीची सुकी भाजी, वाटीभर उसळ. सफाईचे लोक मागच्या रांगांपासून आसनांचे पट्टे दुमडून ठेवत पुढे येत होते. आमच्या रांगेपाशी आलेल्या बाईने आईकडे पाहिले, हाताने ‘सावकाश’ अशी खूण केली, आणि आमची रांग सोडून ती पुढच्या रांगेकडे गेली. आईने तिला “ओब्रिगाद” म्हटले. साठ-पासष्ट वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून आला असावा. बाई थबकली, हसली आणि पोर्तुगीजमध्ये भराभर काहीतरी बोलली. त्यातले आईला किती कळले ते तिने मला सांगितले नाही, पण भाकरी तिने सगळी संपवली.

गाडी १:०५ ला आली. मग बॅगेचा पट्टा, टॅक्सीची रांग, आणि नदीकाठच्या जुन्या वस्तीतले हॉटेल. खोलीचे दार उघडले तेव्हा ॲमस्टरडॅमचे २:१० झाले होते. घराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत ७ तास ५० मिनिटे. हवेतला वेळ त्याचा जवळजवळ तिसरा भाग. १,८४७ किलोमीटर हवेतल्या वेळात बसवले तर वेग ताशी ७१० किलोमीटर निघतो, दारापासून दारापर्यंतच्या वेळात बसवले तर २३६. दुसरा आकडा पाहून मला वाईट वाटले नाही, उलट वहीत पहिल्यांदाच खरी गोष्ट लिहिल्यासारखे वाटले.

लिस्बनमध्ये आम्ही पाच दिवस राहिलो. शहराविषयी इथे लिहीत नाही, एक गोष्ट मात्र वेळेच्या विषयातलीच आहे. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या मोठ्या चौकात बसलेलो असताना आई म्हणाली की एक तासाचा फरक म्हणतेस, पण ऊन तर तुझ्या घरी असते तसेच आहे, त्याच वेळेला डोक्यावर येते. मी रेखांश काढून पाहिले. लिस्बन ग्रिनिचच्या पश्चिमेला सुमारे ९ अंशांवर आणि ॲमस्टरडॅम पूर्वेला सुमारे ५ अंशांवर. मधले १४ अंश म्हणजे सूर्याच्या चालीने ५६ मिनिटे. घड्याळांतला एक तास आणि सूर्याची ५६ मिनिटे जवळजवळ जुळतात, त्यामुळे मे महिन्यात दोन्ही शहरांत तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी दीडच्या पुढे काही मिनिटांनी सूर्य माथ्यावर येतो. हे जुळणे कायमचे नाही. १९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने मध्य युरोपाचीच वेळ लावली होती, तेव्हा हा फरक नव्हताच. आणि १९४० पर्यंत ॲमस्टरडॅमची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या फक्त २० मिनिटे पुढे, ती जर्मन ताब्यात बदलली गेली. मुंबईनेही भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आई म्हणाली की तिच्या वडिलांच्या तोंडी मुंबईची वेळ वेगळी असल्याची गोष्ट असे.

परतीचे विमान दुपारी २:४० चे होते आणि ६:३५ ला ॲमस्टरडॅमला पोचायचे होते. घड्याळांतला एक तास वजा केला तर २ तास ५५ मिनिटे, कारण आता वारा पाठीशी. आईचे जेवण आम्ही १२ वाजताच उरकले. रात्रीचे इन्शुलिन ८ वाजता घरी, असा बेत होता. विमानतळावर फलकाखाली खुर्ची थांबवली, तर माझी नजर आमच्या उड्डाणाचा क्रमांक शोधत असतानाच आई म्हणाली, “अत्राझाद आहे गं.” फलक त्या क्षणी पोर्तुगीजमध्ये होता. तो इंग्रजीत पालटेपर्यंत तिने उशीर वाचून मला सांगितलाही होता.

आधी ८० मिनिटांचा उशीर सांगितला गेला, मग २ तास ४० मिनिटांचा. मी कंपनीच्या खिडकीपाशी जाऊन आईची अडचण सांगितली आणि खाण्याची कूपने मागितली. तिथल्या बाईंनी शांतपणे उत्तर दिले की या अंतरासाठी तीन तासांच्या आत ती देता येत नाहीत. मला ते पटले नाही, म्हणून बाकावर बसून मी युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम उघडून वाचला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. उड्डाण १,५०० किलोमीटरपर्यंतचे असेल तर निघायला दोन तास उशीर होताच खाण्यापिण्याची सोय करावी लागते. युरोपीय संघाच्या आतले पण १,५०० च्या वरचे असेल, तर तीन तास. आणि हे अंतर विमान कसे उडाले त्यावरून ठरत नाही, गोलाईवरच्या सर्वांत जवळच्या रेघेवरून ठरते. मी कुतूहलापोटी वहीत लिहून ठेवलेला १,८४७ हा आकडा इथे आईच्या ताटावर येऊन बसला होता. हेच अंतर साडेतीनशे किलोमीटरने कमी असते, तर तिला त्या दुपारी हक्काने खाणे मिळाले असते.

मला हा नियम माणसाच्या बाजूने पुरता विचार करून केलेला वाटत नाही. लांब जाणाऱ्याला उशीर सहन होतो, या गृहीतकावर तो उभा आहे. पण विमानतळावर ताटकळणाऱ्याची भूक पुढे किती किलोमीटर जायचे यावर ठरत नाही. नुकसानभरपाईत तेच अंतर उलट बाजूने लागू होते: पोचायला तीन तास किंवा अधिक उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर १,५०० च्या आत २५० युरो आणि त्याच्या वर, युरोपीय संघाच्या आत, ४०० युरो मिळतात. पोचण्याची वेळ म्हणजे चाके टेकल्याची नव्हे, विमानाचे एक तरी दार उघडल्याची, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ साली ठरवून दिले आहे.

मी एका दुकानातून चीज घातलेला पाव आणि पाण्याची बाटली आणली. चार वाजता आईने अर्धा पाव खाल्ला. रात्रीच्या जेवणाचे काय करायचे ते मी तिथेच ठरवले. आता घरी पोचायला साडेदहा वाजणार होते, तेव्हा आठचे इन्शुलिन आकाशातच घ्यावे लागणार होते. ते घेतल्यावर अर्ध्या तासाने खायला हवे, म्हणून आणखी दोन पाव, उकडलेली अंडी आणि सॅलडचा डबा घेऊन ठेवला.

विमान ५:२२ ला हलले. मी घड्याळ पुन्हा ॲमस्टरडॅमचे केले: ६:२२. १८ मिनिटांनी आम्ही हवेत होतो, आणि या वेळी वारा खरोखरच पाठीशी होता. आठ वाजता नकाशावर विमान बिस्केच्या उपसागराच्या उत्तर टोकाला, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ आले होते. मी हवाई सेविकेला विचारून दिवा लावून घेतला. आईने पेनला नवी सुई लावली, बुडबुडा नाही ना ते पाहायला पेन उभे धरून दोन युनिट हवेत सोडले, सुईच्या टोकावर थेंब आलेला मला दाखवला, आणि मग साडीचा पदर बाजूला करून पोटावर इन्शुलिन घेतले. वापरलेली सुई तिने बरोबर आणलेल्या छोट्या बरणीत टाकली. त्यानंतर अर्ध्या तासाने, घड्याळावर नजर ठेवून, ती जेवली. डावीकडे सूर्य अजून वर होता.

९:०४ ला चाके टेकली, ९:१४ ला विमान थांब्यावर आले, ९:१७ ला दार उघडले. छापील वेळेपेक्षा २ तास ४२ मिनिटे उशीर. तीन तासांना १८ मिनिटे कमी, म्हणून भरपाईचा अर्ज करण्याचा प्रश्न नव्हता. हवेत आम्ही २ तास २४ मिनिटे होतो, जातानापेक्षा बारा मिनिटे कमी. लिस्बनच्या हॉटेलचे दार मागे टाकल्यापासून ॲमस्टलवेनच्या घराचे कुलूप उघडेपर्यंत बरोबर नऊ तास लागले.

आत आल्या आल्या आईने हात धुऊन बोट टोचले. साखर १४८ होती. तिने वहीत तारखेपुढे आकडा लिहिला, वेळेच्या रकान्यात १०:४० लिहिले, आणि जागेच्या रकान्यात, जिथे एरवी नुसते ‘घर’ असे असते, तिथे आठच्या इन्शुलिनसाठी ‘समुद्रावर’ असे लिहून वही मिटली.